गोळी वाजते

डबी हलवली की गोळ्या वाजतात.
दुरपता म्हणते, एवढ्या वाजतात बाई,
पडद्यापलीकडच्या गिऱ्हाइकालेही समजते.
म्हणून मी तिला कापूस आणून दिला,
वाती वळायचा,
इतवारीतल्या पूजेच्या दुकानातून, दहा रुपयांचा.
लेबल तिनं नखानं खरवडलं.
अर्धं नाव निघालं, अर्धं राहिलं.
अर्ध्या नावाचा संशय जास्त येतो.

इमलाबाईनं परवा डबी धरलीच.
"हे तेच होय ना, मेडिकलमधून आणतात ते?
झालं का तुले?"
नाही झालं, म्हणून तं घेऊन राहिली.
"नाही झालं तं कायले खाते?
पाऊस नाही तं छत्री उघडते का कोणी?"
या गल्लीत कोरडा दिवस कोणता असतो
ते इमलाबाईलाच ठाऊक.
संध्याकाळी दुरपताची दोन माणसं
शेजारच्या खोलीत वळली.

आधी किडनीची तपासणी लागते.
रक्त नऊ ते अकरा घेतात.
गल्ली झोपते पहाटे साडेचारला.
तरी आम्ही गेलो, तोंडाला ओढणी बांधून,
ऊन नव्हतं तरी.
अर्जावर पतीचे नाव.
तिनं विचारलं, कोणत्या वर्षीचा?
कायमचा पत्ता बालाघाटकडचा,
तिथं ती नागपुरात कपड्याच्या दुकानात असते.
व्यवसाय. पेन माझ्या हातात होतं.
मी घरकाम लिहिलं.
खिडकीतला पोट्टा म्हणाला, एचआयव्हीवाल्या त्या रांगेत.
मले नाही आहे, ती म्हणाली.
मग इकडं कायले आल्या?
वाईट नव्हता तो.
त्याच्या कागदावर दोनच रांगा होत्या:
झालेल्यांची आणि घरी जा.

रोग झाल्यावरची गोळी फुकट मिळते.
होऊ नये म्हणूनची विकत.
हे मी तिला तीनदा समजावलं.
चौथ्यांदा मलाच समजेना.
पहिली डबी संस्थेनं दिली होती,
दुसरीच्या वेळी संस्थेचा प्रकल्प संपला.
आता एका डबीचे पैसे म्हणजे
आईला जाणाऱ्या मनीऑर्डरचा निम्मा,
किंवा पोरीची शिकवणी,
किंवा राजूकडून मागायचे.
राजू तिचा आदमी. रविवारचा.
तो म्हणेल, माझ्यावर भरोसा नाही का?
आहे, म्हणून तर त्याच्यासोबत ती काही वापरत नाही.
म्हणून तर गोळी.
हे त्याला सांगायची भाषा
मला ट्रेनिंगमध्ये शिकवली नाही.
"मग होऊनच जाऊ दे ना ताई," ती हसून म्हणाली,
"फुकट तं भेटन."
मी हसले नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघाली.
गल्लीच्या तोंडाशी पोलिसांनी बॅरिकेड लावले,
आम्ही गच्चीवर चढलो.
पिवळी गेली, मागून काळी आली,
आणि खाली सगळं शहर ओरडत होतं,
रोगराई घेऊन जा गे मारबत!
दुरपताही ओरडली, दोन्ही हात तोंडाशी धरून,
गळ्याच्या शिरा फुगेपर्यंत.
तेवढ्यात खालच्या एकानं वर बोट दाखवलं,
आमच्या गच्चीकडे,
आणि त्याच्या दोस्तांनी तीच आरोळी
आमच्याकडे पाहून ठोकली.
ती थांबली.
म्हणाली, मलेच जाळाचं दिसते यांना.
मग कमरुननं आणलेला चिवडा आम्ही खाल्ला.

तिला एक गोष्ट अजून सांगितली नाही.
माझ्या पिशवीत एक डबी असते.
तसलंच पांढरं झाकण, तसलाच आवाज.
अकरा वर्षं झाली, एक पैसा लागला नाही.
मी कापूस भरत नाही.
मी ज्या वर्षी गल्ली सोडली
त्या वर्षी आधीची गोळी असते
हे कुणाला माहीत असेल तर मला माहीत नव्हतं.

काल रात्री ती दारात बसून डबी हलवत होती.
कापसामुळे वाजत नाही,
पण मग किती उरल्या तेही कळत नाही.
तिनं झाकण काढलं, कापूस उपसला,
ओंजळीत ओतून ट्यूबलाइटखाली मोजल्या.
नऊ.
पुन्हा मोजल्या.